न वापरला जाणारा जुना कोड: काढावा की राहू द्यावा?

अर्धविराम (धागाकर्ता)

सी भाषेत लिहिलेल्या एका मुक्तस्रोत डेमनच्या (पार्श्वभूमीत सतत चालणाऱ्या प्रोग्रामच्या) देखभालीत मी गेली काही वर्षे सहभागी आहे. वेगवेगळ्या सेवांच्या नोंदी गोळा करून त्या पुढे पाठवणे एवढेच त्याचे काम आहे, परंतु कोड दोन दशकांहून जुना असल्यामुळे त्यात इफडेफच्या, म्हणजे ठरावीक प्रणालीवरच कोड कंपाइल करणाऱ्या अटींच्या, आड बरेच काही साचलेले आहे. आयरिक्ससाठी एक वाट, एचपी-यूएक्ससाठी दुसरी, एआयएक्ससाठी तिसरी (तिन्ही युनिक्स कुळातील प्रणाली) आणि ज्या प्रणालींवर ठरावीक लांबीत मजकूर लिहिणारे एसएनप्रिंटएफ हे फंक्शनच नव्हते त्यांच्यासाठी आम्ही स्वतः लिहिलेले त्याचे पर्यायी रूप, अशी ती रचना आहे. आयरिक्सची शेवटची आवृत्ती २००६ साली आली. आमच्यापैकी कोणाकडेही ते यंत्र नाही, त्यामुळे तो भाग आज कंपाइल तरी होतो का, हेसुद्धा आम्हांला सांगता येणार नाही.

नुकताच एका नव्या सहकाऱ्याने हे सर्व एका फटक्यात काढून टाकणारा पॅच (कोडमधील बदलांचा संच) पाठवला. त्यावर आमच्यातील सर्वांत ज्येष्ठ सदस्याने एवढेच विचारले, की त्या कोडचा नेमका त्रास कोणाला होतो आहे? मला काढण्याची बाजू पटते; पण या प्रश्नाला नेटके उत्तर देता आले नाही. विकत दिल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ग्राहकांची यादी तरी असते. आपला कोड कोण, कुठे, कोणत्या डिस्ट्रोमार्फत (लिनक्सच्या तयार वितरणामार्फत) वापरतो हे आपल्याला कळत नाही आणि जो समाधानी आहे तो कधी पत्र लिहीत नाही. अशा स्थितीत 'हा कोड कोणी वापरत नाही' असे म्हणण्याइतका पुरावा कधी जमतो, आणि तो जमला आहे हे ठरवायचे कोणी?

शून्यनिर्देशक

काढून टाका. गिटमध्ये, म्हणजे कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात, इतिहास राहतोच. ज्याला हवा असेल त्याने परत आणावा.

मूळतंतू

'गिटमध्ये राहतोच' हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे आणि तो अर्धाच खरा वाटतो. पाच वर्षांपूर्वी काढलेला ड्रायव्हर परत आणू पाहणाऱ्याला असे दिसते, की त्या काळातील अंतर्गत फंक्शने बदललेली आहेत, काहींची नावेच उरलेली नाहीत. कमिट (गिटमध्ये नोंदवलेला बदल) उलटे फिरवता येत नाही. कोड जवळजवळ नव्याने लिहावा लागतो. शिवाय इतिहासालाही सुरुवात असते. लिनक्स कर्नलची (प्रणालीच्या गाभ्याची) सध्याची रेपॉझिटरी एप्रिल २००५ मध्ये २.६.१२-आरसी२ पासून सुरू होते. एखादी विचित्र ओळ का लिहिली गेली हे गिट ब्लेमला (कोणती ओळ कोणत्या बदलात आली ते सांगणाऱ्या आज्ञेला) विचारले, तर कित्येकदा उत्तर त्या पहिल्या आयातीपाशी येऊन थांबते आणि पुढचा शोध वेगळ्या, जुन्या संग्रहात घ्यावा लागतो.

तरीही निष्कर्षाबाबत मी तुमच्याच बाजूचा आहे, मात्र कारण वेगळे आहे. इंटेलच्या ३८६ प्रोसेसरचा आधार कर्नलच्या ३.८ आवृत्तीतून गेला. तो पॅच डिसेंबर २०१२ मध्ये स्वीकारला गेला. कर्नलने स्वतः लिहिताना केवळ-वाचनीय पानांचे संरक्षण पाळण्याची सोय ३८६ मध्ये नव्हती, आणि तुलना करून अदलाबदल करणारी अविभाज्य सूचना ४८६ पासून आली. त्यामुळे स्मृतिव्यवस्थापन किंवा अनेक प्रोसेसरांमधील समन्वय यांत काहीही बदलायचे झाले, की ३८६ साठी आडवाट ठेवावी लागे. ज्येष्ठ सदस्यांच्या प्रश्नाला माझे उत्तर हेच राहील, की त्रास जुन्या यंत्राच्या मालकाला होत नाही, तो नव्या यंत्रासाठी काम करणाऱ्याला होतो, आणि तो तक्रारही करत नाही, कारण आडवाट सांभाळणे हा कामाचाच भाग आहे अशी त्याची समजूत झालेली असते.

शून्यनिर्देशक

टॉरव्हाल्ड्स यांनी लिनक्स लिहायला घेतला तो ३८६ वरच. म्हणजे ज्या यंत्रावर कर्नल जन्मला, त्यावर आजचा कर्नल सुरूही होणार नाही. मुलाने वडिलांना ओळख न दाखवण्याचा हा नमुना झाला. पण निर्णय बरोबरच होता.

कुलूपकिल्ली

त्रास कोणाला होतो, याचे सुरक्षेच्या बाजूने उत्तर अधिक सरळ आहे. २०१५ साली उघडकीस आलेला व्हेनम हा दोष, म्हणजे सुरक्षादोषांच्या सार्वजनिक यादीतील सीव्हीई-२०१५-३४५६, क्यूईएमयू या आभासी यंत्रे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधील आभासी फ्लॉपी नियंत्रकात होता. तो कोड २००४ पासून तिथे होता. आभासी यंत्रात फ्लॉपी वापरणारे किती असतील याची कल्पना करा. तरीही त्या वाटेने पाहुण्या यंत्रातून यजमान यंत्रात शिरता येण्याची शक्यता होती. त्याहून गंभीर बाब अशी, की व्यवस्थापकाने फ्लॉपी बंद केलेली असली, तरी दुसऱ्या एका असंबंधित चुकीमुळे नियंत्रकाचा कोड जागाच राहत होता.

दुसरे उदाहरण लिनक्स कर्नलमधील एचडीएलसी या जुन्या सिरियल प्रोटोकॉलच्या मॉड्यूलचे आहे. त्यातील सीव्हीई-२०१७-२६३६ हा दोष २००९ मध्ये शिरला होता. ते मॉड्यूल कोणी मुद्दाम चालू करण्याची गरज नव्हती. साध्या वापरकर्त्याने छद्म-टर्मिनल उघडून ती पद्धत मागितली, की कर्नल ते स्वतःहून लोड करत असे. त्याच वर्षी डीसीसीपी या क्वचितच वापरल्या जाणाऱ्या प्रोटोकॉलमध्येही असाच विशेषाधिकार मिळवून देणारा दोष सापडला, आणि २०२५ मध्ये ६.१६ आवृत्तीत तो प्रोटोकॉल कर्नलमधून पूर्णपणे गेला.

ज्याला आपण न वापरला जाणारा कोड म्हणतो, तो प्रामाणिक वापरकर्ता वापरत नसतो इतकेच. हल्लेखोर नेमका तोच शोधत असतो, कारण तिथे कोणाची नजर नसते.

पुराणवस्तू

सर्वांचे सूर एकाच दिशेने लागलेले पाहून मुद्दाम विरोधात लिहितो. हार्टब्लीड हा ओपनएसएसएल या कूटलेखन लायब्ररीतील दोष एप्रिल २०१४ मध्ये जाहीर झाला. तो कोड ओपनएसएसएलच्या १.०.१ आवृत्तीबरोबर मार्च २०१२ मध्ये बाहेर आला होता, म्हणजे अवघा दोन वर्षांचा. जुनेपणा हा गुन्हा नाही. वर्षानुवर्षे चाललेल्या कोडमधील कित्येक चुका आधीच कोणाला तरी भोवून दुरुस्त झालेल्या असतात.

वापरकर्ते थोडे म्हणून कोड निरुपयोगी, हेही मला मान्य नाही. जीसीसी या कंपाइलरने सीसी-शून्य नावाची जुनी अंतर्गत यंत्रणा काढायचे ठरवले, तेव्हा तिच्यावर अवलंबून असलेल्या प्रोसेसरांचे भवितव्य टांगणीला लागले. त्यांत मोटोरोलाचा एम६८के होता. त्याच्या चाहत्यांनी वर्गणी जमवली, काम करणाऱ्याला बक्षीस लावले आणि एम६८केचा भाग नव्या यंत्रणेवर आणला गेला. कर्नलमध्येही एम६८के अजून आहे. अशा आडवळणाच्या यंत्रांवर बिल्ड केल्याने बाइटांचा क्रम आणि संरेखन यांबाबतची गृहीतके उघडी पडतात, जी एक्स८६ वर (नेहमीच्या इंटेल-प्रकारच्या प्रोसेसरांवर) वर्षानुवर्षे झाकलेली राहतात. तो लाभ सर्वांना मिळतो.

कुलूपकिल्ली

पुराणवस्तू, हार्टब्लीडचे उदाहरण तुमच्या बाजूचे नाही. हार्टबीट, म्हणजे तो दोष असलेला विस्तार, मुख्यतः यूडीपीवर चालणाऱ्या डीटीएलएसला उपयोगी होता. टीसीपीवरील साध्या टीएलएसला (वेबवर नेहमी वापरल्या जाणाऱ्या कूटलेखन प्रोटोकॉलला) त्याची गरज फारशी नव्हती, तरी तो सर्वत्र आपोआप चालू होता. कोड नवा असला, तरी बहुतेकांच्या दृष्टीने न वापरलेलाच होता.

त्या घटनेनंतर ओपनबीएसडी या प्रणालीच्या मंडळींनी ओपनएसएसएलपासून लिब्रेएसएसएल वेगळे काढले आणि पहिल्या काही दिवसांतच हजारो ओळी छाटल्या. व्हीएमएस, जुने मॅक ओएस, १६-बिट विंडोज असे बरेच काही त्यात गेले. माझ्या मते सर्वांत बोलका भाग होता तो स्मृतिवाटपाचा. काही प्रणालींवरचे मॅलॉक (स्मृती वाटून देणारे फंक्शन) संथ म्हणून ओपनएसएसएलने मोकळ्या केलेल्या तुकड्यांची स्वतःची यादी ठेवली होती. त्यामुळे आधुनिक मॅलॉकमध्ये चुकीचा वापर पकडण्यासाठी केलेल्या सोयी निष्प्रभ होत. एका मागासलेल्या प्रणालीची सोय करताना सर्वांचेच संरक्षण कमी झाले होते.

म्हणूनच धागाकर्त्यांच्या यादीत मला आयरिक्सच्या वाटेपेक्षा स्वतः लिहिलेल्या एसएनप्रिंटएफची अधिक भीती वाटते. आयरिक्सचा कोड फार तर आयरिक्सवरच चालेल. हे पर्यायी रूप मात्र बिल्डपूर्वी प्रणाली तपासणाऱ्या कॉन्फिगर स्क्रिप्टच्या चाचणीवर अवलंबून असते, आणि एका यंत्रावर बसून दुसऱ्यासाठी बिल्ड करताना ती चाचणी प्रत्यक्ष चालवता येत नसल्याने कित्येक स्क्रिप्ट सर्वांत वाईट उत्तर गृहीत धरतात. म्हणजे आजच्या एखाद्या नव्याकोऱ्या राउटरवर तुमचे वीस वर्षांपूर्वीचे फंक्शन धावत असण्याची शक्यता आहे. आधी ते पाहा.

अर्धविराम

हे आमच्या लक्षातच आले नव्हते. आमची स्क्रिप्ट नेमकी तसेच करते; आत्ताच वाचून पाहिली.

पहिलीपायरी

माझा प्रश्न कदाचित प्राथमिक ठरेल. कोणते फंक्शन कुठूनही बोलावले जात नाही हे यंत्रालाच का शोधता येऊ नये? कंपाइलर इशारे देतोच ना?

दुवेजोडणी

प्रश्न योग्य आहे, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. फाइलपुरते मर्यादित, म्हणजे स्टॅटिक फंक्शन न वापरलेले असेल तर कंपाइलर इशारा देतो. बाकीच्यांसाठी प्रत्येक फंक्शन वेगळ्या विभागात टाकण्याचा जीसीसीचा पर्याय द्यावा, लिंकरला (कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या साधनाला) कचरा विभाग गाळायला सांगावे आणि काय गाळले त्याची यादी छापायला सांगावी. सीपीपीचेकमध्येही यासाठी तपासणी आहे. कुठेच व्याख्या नसलेले किंवा नाव बदललेले कॉन्फिगरेशन पर्याय शोधण्यासाठी कर्नलच्या स्क्रिप्ट फोल्डरमध्ये एक पायथॉन प्रोग्राम ठेवलेला आहे. इफडेफच्या मृत फांद्या हाताने छाटू नका. युनिफडेफ हे जुने साधन ते काम बिनचूक करते.

आता मर्यादा पाहा. मॅक्रोने तुकडे जोडून बनवलेले नाव साध्या शोधात सापडत नाही. असेंब्लीतून बोलावलेले फंक्शन कंपाइलरला दिसत नाही, आणि चालू प्रोग्रामने डीएलसिमद्वारे नावाने मागवलेले लिंकरला दिसत नाही. आणि लायब्ररी असेल तर बाहेर खुले केलेले प्रत्येक नाव कोणाच्या तरी कामाचे असू शकते. तिथे साधने हात टेकतात.

चाचणीत कोणत्या ओळी चालल्या ते दाखवणाऱ्या जीकॉव्हचा अहवाल पाहून कोड काढणाऱ्यांना मी नेहमी थांबवतो. चाचणीत न चाललेला कोड आणि न वापरलेला कोड एक नसतो. डिस्क भरल्यावर चालणारी शाखा रोजच्या चाचणीत कधीच चालत नाही, परंतु डिस्क भरते त्या दिवशी तीच हवी असते. धागाकर्त्यांचा डेमन नोंदी हाताळणारा आहे, तेव्हा हे त्यांना वेगळे सांगायला नको.

गणनयंत्र

थोडे अवांतर, कारण हे मुक्तस्रोत नाही. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या शेअरदलाली कंपनीचे सुमारे पाऊण तासात ४४ कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झाले. २००३ पासून वापरात नसलेली 'पॉवर पेग' ही सुविधा कोडमध्ये तशीच पडून होती. नव्या सुविधेसाठी तिचाच जुना फ्लॅग पुन्हा वापरला गेला आणि आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड पोहोचला नाही. त्या सर्व्हरवर मेलेला कोड उठून उभा राहिला. राहू दिल्याने काय बिघडते, याचे इतके महाग उत्तर मला दुसरे माहीत नाही.

मूळतंतू

गणनयंत्र, त्यात कोड राहू देण्याइतकीच मोठी चूक फ्लॅग पुन्हा वाटण्याची होती, आणि तिचा या धाग्याशी थेट संबंध आहे. कर्नलमधून एखादा सिस्टिम कॉल (प्रोग्रामने कर्नलला मारायची क्रमांकित हाक) काढला, तरी त्याचा क्रमांक दुसऱ्याला दिला जात नाही. सिसीसीटीएल हा जुना कॉल ५.५ आवृत्तीत गेला. त्या क्रमांकावर आज हाक मारली तर असा कॉल नाही, एवढेच उत्तर मिळते. जुन्या प्रोग्रामला स्पष्ट नकार मिळणे परवडते, भलतेच काम होणे परवडत नाही. संरचनेतील बिट, संदेशाचे प्रकार, कॉन्फिगरेशनमधील नावे या सर्वांना हाच नियम लावावा.

पॅकेजकार

डिस्ट्रोसाठी पॅकेज बांधणाऱ्याच्या जागेवरून लिहितो. काढण्याला माझा विरोध नाही. पूर्वसूचना न देता काढण्याला आहे, आणि ही पूर्वसूचना कशी द्यावी याची चांगली उदाहरणे उपलब्ध आहेत. फ्रीबीएसडीच्या कर्नलमध्ये 'गॉन-इन' नावाची सोय आहे. ती ड्रायव्हरला जोडली, की अमुक आवृत्तीत हा जाणार आहे असा संदेश यंत्र सुरू होताना छापला जातो. २०१८ मध्ये त्यांनी १० आणि १०० मेगाबिटच्या जुन्या इथरनेट ड्रायव्हरांची यादीच प्रसिद्ध केली आणि वापरणाऱ्यांनी कळवावे असे आवाहन केले. ज्यांचे वापरकर्ते पुढे आले ते ड्रायव्हर राहिले.

मुदत कोडच्या स्वभावावर ठरावी. रायझरएफएस ही फाइलप्रणाली जाणार हे २०२२ मध्ये ५.१८ आवृत्तीत सांगितले गेले आणि ती प्रत्यक्षात गेली जानेवारी २०२५ च्या ६.१३ मध्ये, कारण तिथे लोकांचा डेटा अडकलेला असतो आणि तो हलवायला वेळ लागतो. उलट २०१८ च्या ४.१७ आवृत्तीत ब्लॅकफिन, क्रिस, टाइल यांसह आठ प्रोसेसर-कुळे एकदम गेली आणि सुमारे पाच लाख ओळी कमी झाल्या; नव्या कर्नलवर येणारे त्यांचे वापरकर्ते जवळजवळ उरलेच नव्हते.

कुंपणावर

पॅकेजकार, सुरू होताना छापलेला संदेश वाचतो कोण? आमच्याकडे हजारो ओळी सरकून जातात. शिवाय दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या वापरणाऱ्यांपर्यंत तुमची पूर्वसूचना पोहोचते, तोवर मूळ प्रकल्पातून कोड जाऊन दोन-तीन वर्षे झालेली असतात. मग ते तक्रार करतात आणि आपण म्हणतो की सांगितले होते. शांतता हा पुरावा मानण्यात हाच धोका आहे.

दुवेजोडणी

म्हणून मला जीसीसीची पद्धत अधिक पसंत आहे. जाणारे लक्ष्य आधी कालबाह्य घोषित होते. त्यानंतर त्यासाठी कॉन्फिगर केले तर बिल्ड थांबते आणि मुद्दाम एक वेगळा पर्याय दिल्याशिवाय पुढे जात नाही. पुढच्या आवृत्तीपर्यंत कोणी जबाबदारी घेतली नाही, तर कोड जातो. थांबलेला बिल्ड कोणालाही टाळता येत नाही. कर्नलमध्येही एखादा पर्याय 'ब्रोकन' या चिन्हावर अवलंबून ठेवला, की तो सहजासहजी निवडता येत नाही.

निळापडदा

धागाकर्त्यांच्या यादीत एआयएक्स पाहून दचकलो. मी त्यांचाच डेमन वापरतो की नाही ठाऊक नाही, परंतु याच प्रकारचा एक डेमन आम्ही एआयएक्सवर चालवतो. ती प्रणाली मेलेली नाही, ७.३ आवृत्ती २०२१ मध्ये आली आणि आयबीएम ती आजही विकते. आयरिक्सच्या पंगतीला तिला बसवू नये. गरज असेल तर दर आवृत्तीपूर्वी बिल्ड करून निकाल कळवण्याची माझी तयारी आहे.

पुराणवस्तू

निळापडदा यांच्या प्रतिसादाने माझे काम सोपे केले. वापरकर्ता आहे की नाही, हा प्रश्न सुटणारा नाही, कारण वापरकर्ता मोजता येत नाही. राखणदार मात्र मोजता येतो. फ्लॉपी ड्रायव्हरचेच पाहा. २०१९ मध्ये त्याच्या मेंटेनरकडे (देखभाल करणाऱ्याकडे) चालू स्थितीतील हार्डवेअर उरले नाही, म्हणून टॉरव्हाल्ड्स यांनी तो अनाथ घोषित केला. काढला मात्र नाही, कारण आभासी यंत्रांत त्याचे अनुकरण अजून होते. पुढे त्याला नवा मेंटेनर मिळाला. आयटेनियम या प्रोसेसरचे उलट झाले, ६.७ आवृत्तीत ते गेले, आणि काही उत्साही मंडळी आता कर्नलच्या मुख्य कोडबाहेर ते सांभाळत आहेत. दोन्ही निर्णय मला न्याय्य वाटतात. जो कोड बिल्ड करून पाहणारा आणि दोष आल्यास उत्तर देणारा एकही माणूस नाही, तो काढायला माझीही हरकत नाही.

कुलूपकिल्ली

पुराणवस्तू आणि मी एकाच बाजूला आलो, ही या धाग्यातील सर्वांत अनपेक्षित घटना आहे. फक्त एक पुस्ती जोडतो. राखणदार असला, तरी तो कोड इतरांच्या यंत्रावर आपोआप चालू असू नये. एम६८केचा कोड एक्स८६ च्या वापरकर्त्याकडे पोहोचतच नाही, म्हणून तो राहिला तरी मला चिंता नाही. मागितल्याबरोबर लोड होणारा प्रोटोकॉल तसा नसतो.

अर्धविराम

सर्वांचे आभार. वरील चर्चा मी आमच्या ज्येष्ठ सदस्यांना वाचायला दिली. त्यांचा आक्षेप काढण्यापेक्षा एका फटक्यात काढण्याला अधिक होता, असे बोलण्यातून कळले. आता असे ठरते आहे, की पर्यायी एसएनप्रिंटएफ सर्वांत आधी आणि पूर्वसूचनेशिवाय जाईल, कारण सी९९ (सी भाषेचे १९९९ चे प्रमाण) पासून ते फंक्शन प्रमाणित आहे आणि आमचा उरलेला कोड तसाही त्याहून जुन्या कंपाइलरवर बिल्ड होत नाही. आयरिक्स आणि एचपी-यूएक्ससाठी पुढच्या आवृत्तीत कॉन्फिगर थांबेल, मुद्दाम पर्याय दिला तर पुढे जाईल आणि संदेशात आमच्या मेलिंग यादीचा पत्ता असेल. एआयएक्स राहील, निळापडदा, तुम्हांला व्यक्तिगत निरोप पाठवला आहे.

एक शंका उरते. आयरिक्सच्या वाटेबरोबर कॉन्फिगरेशन फाइलमधील दोन पर्यायही जातील. ते कोणाच्या जुन्या फाइलमध्ये राहिले असतील तर डेमनने काय करावे?

मूळतंतू

सुरू व्हावे आणि इशारा द्यावा. दूरच्या यंत्रावर प्रवेश देणारा ओपनएसएसएचचा सर्व्हर असेच करतो; यूजप्रिव्हिलेजसेपरेशन ही ओळ आजही लिहिली, तर हा पर्याय कालबाह्य आहे असे सांगून तो पुढे जातो. एका शब्दासाठी सर्व्हरने सुरू होण्यास नकार दिला, तर लोक आवृत्तीच बदलणार नाहीत. त्या नावांची छोटी तक्ता-यादी कोडमध्ये कायम ठेवा, म्हणजे कोणी तीच नावे नव्या अर्थाने वापरणार नाही.

कुलूपकिल्ली

सहमत, मात्र तो पर्याय कूटलेखन किंवा प्रवेशाचे निर्बंध यांविषयी असेल, तर इशारा देऊन पुढे जाणे चुकीचे ठरेल. संरक्षण चालू आहे अशी ज्याची समजूत आहे, त्याच्याकडे डेमनने थांबलेच पाहिजे.

दुवेजोडणी

आणि दर प्रणालीमागे एक स्वतंत्र कमिट करा, म्हणजे कोणी पुढे आलेच तर तेवढेच उलटवता येईल. कमिटच्या संदेशात हा आधार असलेली शेवटची आवृत्ती नोंदवा. मॅन पेज (वापराची माहितीपाने), इन्स्टॉलची सूचना-फाइल आणि भाषांतरांच्या फाइलींतील ओळीही त्याच कमिटमध्ये काढा. त्या नेहमी मागे राहतात.

अर्धविराम

दोन्ही पर्याय केवळ बफरच्या आकाराविषयी आहेत, त्यामुळे इशारा देऊन पुढे जाऊ. तुकडे केलेला पॅच तयार झाला, की दुवा इथेच देतो.